हळे आणि होस

१९८७, जूनचा दुसरा सोमवार, सकाळी दहा. हजर: डॉक्टर, मोठ्या सिस्टर, कंपौंडरअण्णा, मी, यंत्र जोडायला हुबळीहून आलेला माणूस आणि नवी बाई. गैरहजर: शिपाई, सासऱ्याच्या बाराव्यासाठी रजेवर. विषय: कॉम्प्युटर. निर्णय: दुसऱ्या डोळ्याची यादी आजपासून यंत्रावर.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत एवढंच आहे. त्याखालचं अर्धं पान कोरं आहे, आणि माझ्या डायरीत कोरी जागा क्वचित सापडते.

दुसऱ्या डोळ्याची यादी म्हणजे काय, ते आधी सांगते. बेळगावातल्या एका धर्मादाय नेत्रालयात मी १९७१ पासून कारकून. आमच्याकडे निपाणीपासून खानापूरच्या रानापर्यंतची माणसं मोतीबिंदूसाठी यायची. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असायचा, पण एका वेळी एकच डोळा करायचा. पहिला झाला की माणूस गावी जातो, एका डोळ्यानं का होईना वाट दिसते, जनावर दिसतं, नातवंडं दिसतात आणि दुसरा डोळा राहून जातो. तो पिकला की कार्ड टाकून त्याला बोलवावं लागतं. कार्ड गेलं नाही तर तो आपणहून कधीच येत नाही. म्हणून यादी.

ती यादी माझी होती. सोळा वर्षं माझ्या हातची, लाल रेघांच्या वहीत. नाव, गाव, उजवा की डावा, कोणत्या महिन्यात बोलवायचं, कोणती बस आणि शेवटचा रकाना: कार्ड कोण वाचणार. घरात मराठी वाचणारं आहे, की कन्नड, की कार्ड घेऊन शाळेच्या मास्तरांकडे जावं लागतं. हा रकाना मला कुणी सांगितलेला नव्हता. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला आलेलं पत्र गल्लीतल्या तीन घरी फिरायचं, तेव्हा कुठे त्यात काय लिहिलंय ते तिला कळायचं. कोणी पाहुणे आले की डॉक्टर ती वही मागवून घ्यायचे आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवायचे. मी दारात उभी असायची, काही काम असल्यासारखी.

त्या सोमवारी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले की सहा महिने चाचणी. यादी यंत्रावर नीट चालली तर नवी बाई कायम आणि यादीही कायमची यंत्राची. नाही चालली तर दोघांना नमस्कार, यादी पुन्हा आक्कांकडे. मला सगळे आक्काच म्हणत. डॉक्टर हसत बोलले, पण मी तारीख मोजली. डिसेंबरचा दुसरा सोमवार.

नवी बाई साताऱ्याकडची. लग्न होऊन शहापुरात आलेली, सासरी चार माग. घरच्या मागावरची साडी नेसून यायची आणि तिच्या निऱ्या संध्याकाळपर्यंत सकाळच्यासारख्या राहायच्या. वय चोवीस. पुण्यात कॉम्प्युटरचा वर्ग केलेला. मी तेव्हा चव्वेचाळीस. हे दोन आकडे मी डायरीत त्या आठवड्यात एकाखाली एक लिहिलेले सापडतात. वजाबाकी केलेली नाही, पण मांडणी वजाबाकीचीच आहे.

हुबळीच्या माणसानं जाण्याआधी बॅकअपची पद्धत समजावून दिली. नोंदी यंत्राच्या पोटात असतात. वीज गेली किंवा काही बिघडलं तर त्या जाऊ शकतात. म्हणून त्यांची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवायची. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पातळ, कागदाच्या पाकिटात राहणारी. त्यानं दोन दिल्या. एक चालू, एक जुनी. चालूवर रोज संध्याकाळी प्रत काढायची, जुनीवर दर महिन्याच्या एक तारखेला. यंत्र बिघडलं तर चालूवरून सगळं परत उतरवायचं, आणि चालूच खराब निघाली तर निदान महिन्यापूर्वीचं तरी हाताशी असतं. अण्णांना हे लगेच पटलं. ते म्हणाले, "म्हंजे पेरायचं बी वायलं बांधून ठेवल्यागत." डॉक्टरांना उपमा इतकी आवडली की पुढं कुणालाही ते तीच सांगायचे, आपली म्हणून.

फ्लॉपी माझ्या कपाटात राहणार होत्या, म्हणून त्यांवर लेबलं मी लावायची ठरलं. आमच्या कपाटाला एक जुनी रीत होती. नेत्रालयाच्या पहिल्या कंपौंडरनं वरच्या खणावर हळे आणि खालच्या खणावर होस असं रंगवून ठेवलं होतं. कन्नडात हळे म्हणजे जुनं, होस म्हणजे नवं. तेव्हापासून कपाटाशी काम असणारे आम्ही तिघं, मी, अण्णा आणि शिपाई, मराठीत बोलतानाही जुनी वही, नवी वही म्हणत नसू. 'हळे बुक काढा', 'होस बुकात बघा' हेच तोंडात. मी तीच दोन लेबलं देवनागरीत, ठळक अक्षरात लिहिली. जुन्या फ्लॉपीवर हळे. चालूवर होस. नवी बाई तेव्हा हुबळीच्या माणसाला काही विचारत होती. तिनं लेबलांवर नजर टाकली आणि मान हलवली.

मत्सर हा पुस्तकी शब्द आहे. आमच्या निपाणीत त्याला पोटात दुखणं म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे. मला त्या पावसाळ्यात जेवल्यावर खरोखर दुखायचं. सिस्टरांनी ओव्याचं पाणी घ्यायला सांगितलं, मी घेतलं, उपयोग झाला नाही.

दुखण्याची कारणं मी मांडू शकते. माझ्या सोळा वर्षांच्या वह्या बाईनं सात आठवड्यांत यंत्रात भरल्या. गावाप्रमाणे यादी करायला मला चार दिवस लागत, तिनं ती चहा निवायच्या आत छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मी ती छापील यादी घरी नेली आणि माझ्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. चुका सापडाव्यात एवढीच इच्छा होती. चार सापडल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. बाईनं वही मागितली, पानं उघडली आणि ती माझ्यासमोर धरली. चारही ठिकाणी माझंच अक्षर लागत नव्हतं. 'उजवा' मलासुद्धा 'डावा' वाचता आला असता. ती फक्त म्हणाली, "घाईत लिहिलं असेल, आक्का." त्यापेक्षा तिनं टोमणा मारलेला परवडला असता.

आणि तो शेवटचा रकाना. यंत्रात सुरुवातीला तो नव्हताच. मी मनात म्हणत होते, आता बघू, कार्डं जातील आणि चुलीत पडतील. महिन्याभरानं तिनं स्वतःहून विचारलं की वहीतला हा रकाना कशासाठी. मी सांगितलं. सांगायला नको होतं असं सांगताना वाटत होतं, पण कुणी माझ्या रकान्याबद्दल विचारावं याचंही बरं वाटत होतं. दुपारपर्यंत तिनं तो यंत्रात घातला. पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा डॉक्टरांनी वही मागवली नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, त्याच रकान्यावर. मी दारात उभी होते.

पेशंटांचंही तेच. कडोलीकडची एक म्हातारी वर्षानुवर्षं माझ्याकडे येऊन बसायची, येताना चार मक्याची कणसं आणायची. ती आता त्या खोलीच्या दाराशी बसू लागली, यंत्राचा आवाज ऐकत. एकदा मला म्हणाली, "लई गुणाची हाय गं ती. बगून वाचतीया न् हसून बोलतीया." मी म्हणाले, चष्मा नीट लावा, मग बघा.

आता जुलैतलं एक सांगायचं आहे, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे.

मी केसपेपरचा गठ्ठा घेऊन चालले होते. यंत्राच्या खोलीत सिस्टर उभ्या होत्या आणि बाई त्यांना फ्लॉपी दाखवत होती. हळेच्या लेबलावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही हल्लीची. रोजची प्रत हिच्यावर. आणि ही हाऊसची. महिन्यातून एकदा काढायची, घरी नेऊन ठेवायची असेल कुणाला तर." तिला कन्नड येत नव्हतं. हळे तिनं हल्ली असं वाचलं होतं आणि होस म्हणजे हाऊस. सिस्टर केरळच्या; त्यांना हळे काय, हल्ली काय, दोन्ही सारखंच. त्यांनी बरं बरं म्हटलं.

मी उंबऱ्याशी थांबले होते. गठ्ठा जड होता. एक वाक्य बोलायचं होतं. अगं, उलटं आहे ते. मी बोलले नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हे कधीतरी सगळ्यांसमोर बाहेर येईल आणि अण्णा पोट धरून हसतील. तिचं एकदा हसं व्हावं. त्यापलीकडे मी विचार केला नाही. प्रती कुठल्या फ्लॉपीवर जाताहेत, याचा मी त्या दिवशी हिशोबच मांडला नाही, आणि मी तर मीठ आणायचं झालं तरी यादी करणारी बाई.

त्याच महिन्यापासून मी चोरून शिकायला लागले. ती काय दाबते, कुठल्या क्रमानं, हे मी केसपेपरांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर उतरवत होते. यंत्र सुरू करणं. यादी उघडणं. छापणं. फ्लॉपीवर प्रत काढणं. फ्लॉपीवरून परत उतरवणं हे तिनं एकदाच, डॉक्टरांना दाखवायला केलं होतं, तेही मी टिपून घेतलं. नऊ पायऱ्या झाल्या. त्या मी नीट लिहून पाठ केल्या. फ्लॉपी कुठली, हे मात्र मी त्या नऊ पायऱ्यांत लिहिलं नव्हतं. ते लिहायची गरज काय, लेबल माझ्याच हातचं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुंजीला तपासणीचं शिबिर झालं. पहिला डोळा झालेल्यांपैकी कुणाचा दुसरा पिकलाय, ते डॉक्टरांनी पाहिलं, बाईनं परत आल्यावर यंत्रात भरलं, आणि फॉर्म अहवालासोबत वरच्या कचेरीत पाठवून दिले. डिसेंबरच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांना कार्डं टाकायची होती.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाईनं दोन दिवस रजा घेतली. नणंदेची सुपारी फुटायची होती. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला वीज गेली. अर्ध्या तासानं आली, यंत्र सुरू झालं, पण यादी उघडेना. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येऊन थांबायचं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. कार्डं त्याच दिवशी टपालात पडायला हवी होती, नाहीतर पुढची तारीख थेट संक्रांतीनंतरची.

मी चिठ्ठी काढली. अण्णांनी ते पाहिलं.

"आक्का, हात लावू नगासा. उद्या ती येईल, बघंल."

"सोळा वर्षं यादी मी केलीया, अण्णा."

"यादी केलीसा व्हय. मशीन न्हाय केलं."

"तुमी औषधं बांधा," मी म्हणाले.

ते बाजूला झाले, पण दारातून हलले नाहीत. मी कपाट उघडलं. दोन फ्लॉपी शेजारी शेजारी. चालू प्रत हवी, म्हणजे होस. मी होस उचलली. जुलैतलं ते ऐकणं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. हे मी किती वेळा स्वतःला विचारलंय. नाही आलं. आपल्याच अक्षरावर माणूस शंका घेत नाही.

नऊ पायऱ्या केल्या. यंत्र घरघरलं, मग गप्प झालं. यादी उघडली. नावं, गावं, रकाने, सगळं. मला घाम फुटला होता आणि मी हसत होते. मग चिठ्ठीवरचं शेवटचं वाक्य दिसलं, बाईचंच, हुबळीच्या माणसाकडून घेतलेलं: सगळं ठीक झालं की लगेच दुसऱ्या फ्लॉपीवरही ताजी प्रत काढावी. मी हळे उचलली आणि जे आता यंत्रात होतं ते तिच्यावर उतरवलं. काम पुरं. डॉक्टर बाहेर आले, पाहिलं, आणि म्हणाले, "शाब्बास आक्का. मग बाई हवी तरी कशाला?" थट्टाच होती. मी ती थट्टा म्हणून घेतली नाही. दुपारी जेवले, पोट दुखलं नाही.

यादी छापून सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि त्यांच्या तुटक मराठीत विचारलं की गुंजीवाले कुठे आहेत.

गुंजीचं एकही नाव नव्हतं. एक नोव्हेंबरनंतरची कुणाचीच नोंद नव्हती. मी यादी तीनदा पाहिली, मग यंत्रात पाहिली, मग दोन्ही फ्लॉपी लावून पाहिल्या. दोन्हींवर एक नोव्हेंबर. तेव्हा मला जुलै आठवला, शब्द न् शब्द. ही हल्लीची. ही हाऊसची. ती पाच महिने रोज हळेवर लिहीत होती आणि एक तारखेला होसवर. तिच्या परीनं एक दिवस न चुकता, अगदी नियमानं. तिच्या हातात दोन्ही प्रती सुरक्षित होत्या. मी शहाणपणा करून जुनी यंत्रात उतरवली आणि तीच नव्या प्रतीवर चढवून नवी पुसून टाकली. संध्याकाळच्या चार वाजता जगात गुंजीची यादी कुठंच नव्हती.

मी डॉक्टरांना सांगितलं की फ्लॉपीवर जुनंच होतं. ते खोटं नव्हतं.

ती रजेवरून आली तेव्हा सगळे खोलीत होते. तिनं दोन्ही फ्लॉपी तपासल्या, लेबलं पाहिली आणि माझ्याकडे नाही, अण्णांकडे पाहून विचारलं, "होस म्हणजे हाऊसच ना?"

अण्णा आधी समजले नाहीत, मग खरंच पोट धरून हसले. "हाऊस कुठलं, होस म्हंजे नवं. हळे म्हंजे जुनं. हितं बारक्या पोराला बी ठावं असतंय, बाई." डॉक्टरही हसले, पण लगेच थांबले. मी पाच महिने वाट पाहिली होती ते हसू हेच. त्यात मी सामील झाले नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

ती माझ्याकडे वळली. "आक्का, तुम्ही तरी सांगायचं."

"तू इचारलंस का?" मी म्हणाले.

तिनं दोन्ही फ्लॉपी पाकिटांत घातल्या. मला वाटतं तिला माहीत नव्हतं की मी ऐकलं होतं. तिचं म्हणणं एवढंच असावं की लेबल लावतानाच अर्थ सांगायला हवा होता. पण मला ते वाक्य जुलैत उंबऱ्याशी थांबलेल्या मला उद्देशून आल्यासारखं वाटलं.

रोजच्या तपासणीच्या पेशंटांचे केसपेपर होते, ती नावं दोन दिवसांत पुन्हा भरली. गुंजीचे फॉर्म परत यायला दोन महिने तरी लागणार होते. सिस्टरांच्या डायरीत नुसता आकडा होता: पिकलेले एकोणीस. डॉक्टर म्हणाले, दोघी जा आणि माणसं शोधून काढा. ज्याला पिकलाय म्हणून सांगितलंय तो स्वतःच सांगेल.

आम्ही सकाळच्या गाडीनं गुंजीला गेलो. मी घरांची यादी केली, स्टेशनापासून सुरुवात, मग देवळाची बाजू, मग वाड्या. तिनं वही धरली. ठरलं असं की विचारायचं मी, लिहायचं तिनं. चौथ्या घरापर्यंत ते उलटं झालं होतं. ती ओट्यावर टेकायची, पाणी मागायची, भात किती झाला विचारायची आणि मग डोळ्याचं. माणसं तिला शेजारच्या घराची माहितीही द्यायची. मी उभ्या उभ्या विचारायची आणि मला उत्तर मिळायचं तेवढंच. एका म्हाताऱ्यानं तिच्या आवाजाच्या दिशेनं चांगला डोळा वळवला आणि म्हणाला, "बाई, तुमी पायानं आलासा म्हंजे दुसरा बी दिसणार बगा." मी तिच्यासोबत तेवढंच चालले होते. तिथंही, जिची नोकरी माझ्यामुळे जाणार होती तिच्याबद्दल, माझ्या पोटात दुखलं.

सतरा सापडले. परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघीच. तिनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. मग म्हणाली की लेबलावर शब्द लिहूच नयेत. तारीख लिहावी. शब्द ज्याच्या त्याच्या घरचा असतो, तारीख सगळ्यांची एकच. आणि दोन नाही, तीन फ्लॉपी कराव्या, आळीपाळीनं. एक या इमारतीत ठेवूच नये. आणि प्रत काढली एवढ्यावर विसंबू नये, शनिवारी एक उतरवून बघावी, शेवटचं नाव वाचून खात्री करावी. ती बोलत होती आणि मी चिठ्ठीवर लिहून घेत होते. तिथं सांगता आलं असतं. जुलैत मी दारात होते, एवढंच. दूर सिग्नल पडला तोवर मी ते दोनदा मनात जुळवलं. मग गाडी आली, जागा धरायची होती.

डिसेंबरचा दुसरा सोमवार आला. डॉक्टरांनी सहा महिन्यांचा शेरा शेरेबुकात मला लिहायला सांगितला, कारण शेरेबुक मीच लिहीत असे. मी लिहिलं: 'संगणक चालिकेने प्रतींवरील लेबले चुकीची वाचल्यामुळे नोंदींचे नुकसान झाले.' डॉक्टरांनी वाचून सही केली. चूक शोधावी असं त्यात काहीच नव्हतं. यंत्र ठेवायचं ठरलं, त्याच्याशिवाय आता डॉक्टरांचं चालणार नव्हतं. बाईला ठेवायचं नाही असं ठरलं, आक्का शिकल्याच आहेत. तिनं खुर्चीवरची उशी घरून आणली होती, ती तेवढी घेतली. जाताना मला वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला.

त्याला आता दोन वर्षं झाली. यादी माझी आहे आणि यंत्रही माझं. तीन फ्लॉपी, तिन्हींवर तारखा, रोजची प्रत आळीपाळीनं. एक अण्णांच्या घरी, धान्याच्या कोठीवर, कोरड्या जागी. शनिवारी मी एक उतरवून पाहते आणि शेवटचं नाव मोठ्यानं वाचते, सिस्टर ते केसपेपरशी ताडून पाहतात. आजवर एक नोंद गेलेली नाही. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुसऱ्या दवाखान्याची माणसं ही पद्धत बघायला आली. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, ही आमच्या आक्कांची पद्धत. मी दारात नव्हते, खुर्चीवर होते. पाहुण्यांना फ्लॉपीवरच्या तारखा दाखवल्या.

ती आता शहापुरात मुलींना टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवते असं कानावर आहे. तिच्या वर्गाला रांग असते हेही. ते ऐकलं त्या दिवशी मी संध्याकाळी जेवले नाही. म्हणजे ते दुखणं अजून गेलेलं नाही. गुंजीच्या उरलेल्या दोघांपैकी एक फॉर्म परत आल्यावर सापडला, दुसऱ्याचं नाव फॉर्मवरही नीट उमटलेलं नाही.

शेरेबुकात खाडाखोड चालत नाही. चूक झाली असेल तर त्याच शेऱ्याखाली दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची, सही करायची. त्या शेऱ्याखाली दोन ओळींची जागा आहे. लिहायचं काय ते मला पाठ आहे: लेबले खालील सहीवालीने लिहिली होती, चालिका ती कशी वाचते हे तिला जुलैपासून माहीत होते, परत उतरवण्याचे काम तिनेच केले. तीन वाक्यं आहेत, बारीक लिहिली तर दोन ओळींत बसतील. ते पुस्तक या महिन्याअखेर बांधून हळेच्या खणात जाईल. मी ते दोनदा टेबलावर घेतलं, एकदा पेनाचं टोपणही काढलं. अजून लिहिलेलं नाही.